ओंकारच्या पोटदुखीबद्दल

बेळगाव

प्रिय गणपत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. तुझ्या ओंकारचं पोट सोमवार ते शनिवार सकाळी कॉलेजला जायच्या वेळी दुखतं, रविवारी नाही, म्हणून घरात ‘नाटक’ हा शब्द निघालाय. तो आधी बंद कर. भीतीनं आतडं खरोखर आवळतं, कळ येते, मळमळतं. खानापुरात डॉक्टरांना एकदा नीट दाखव. वजन घटतंय का, शौचातून रक्त जातं का, रात्री दुखून जाग येते का, हे त्यांना सांग. यातलं काही नसेल आणि डॉक्टरही ठीक म्हणाले, तर पुन्हा पुन्हा सोनोग्राफी नको. दर तपासणीला पोराला वाटतं, आपल्याला काहीतरी मोठं झालंय.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर पीयूसी सायन्सला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन बसतं. लंबवर्तुळ त्याला येतं, पण ‘एलिप्स’ ऐकलं की हात खाली जातो. चार दिवस असं झालं की आपण ढ आहोत असं त्याला वाटायला लागतं. रोज दहा शब्द वहीत लिहू दे, मराठी, इंग्रजी आणि शेजारी छोटी आकृती. शब्द उद्याच्या तासाचेच घ्यायचे. मागचं सगळं भरून काढायला बसवलंस, तर वही उघडायचीच भीती बसेल.

आता कॉलेजचं. घरी थांबलेला प्रत्येक दिवस पुढचा दिवस अवघड करतो, कारण घरी थांबल्याबरोबर पोट दुखायचं थांबतं आणि मन तेच शिकतं. पण पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ ढकलूही नकोस. प्राचार्यांना भेटून दोन गोष्टी माग: पहिले तीन-चार दिवस दोनच तास, आणि जीव घाबरला तर बसायला एक ठरलेली जागा, एक ठरलेले सर. तिथं तो दहा-वीस मिनिटं बसेल आणि परत वर्गात जाईल. भीती चढते तशी उतरतेही, पण ती ऐन चढलेली असताना घरी आणलंस तर उतरताना त्याला कधी दिसणारच नाही. मग तीन तास, मग अर्धा दिवस. एखादी पायरी जमली नाही तर त्याच पायरीवर आणखी दोन दिवस थांबा. वहिनींना सांग, घरी राहिलेल्या दिवशी कॉलेजच्या वेळेत मोबाईल आणि टीव्ही बंद, पण बोलणी नकोत आणि उपाशी ठेवणंही नको.

त्याच्याशी बोलायला समोर बसवू नकोस. गाडीवरून मळ्यात जाताना किंवा शेंगा फोडताना पोरं मोकळी होतात. ‘का जात नाहीस?’ असं विचारू नकोस, ‘सगळ्यात वाईट कुठला तास जातो?’ असं विचार. उत्तर आलं की लगेच उपाय सांगू नकोस.

आणि एक प्रश्न सरळ विचारायचाच: ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर ओरडू नकोस, रडू नकोस. त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने. उत्तर काहीही येवो, गोठ्यातल्या फळीवरची फवारणीची औषधं आजच कुलपात घाल आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. तशी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी बाटली हाताशी नसली तर पोर वाचतं.

दोन आठवडे सलग चिडचिड, खेळावरून मन उडणं, झोप नाही तर दिवसभर झोपच, जेवण तुटणं असं दिसलं तर वाट बघू नकोस. या वयात उदासी रडण्यापेक्षा रागातून जास्त दिसते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, भाषा निवडताना मराठी घे. प्रत्यक्ष दाखवायला बेळगावचं बिम्स हे सरकारी रुग्णालय, नाहीतर धारवाडची डिमान्स ही मानसिक आजारांची संस्था. देवाला नवस बोलायचा असेल तर बोला, डॉक्टरांनी दिलेली तारीख मात्र चुकवू नका. गोळ्या दिल्याच तर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून आपणहून सोडू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत तो जास्त अस्वस्थ किंवा वेगळाच वाटला तर डॉक्टरांना लगेच कळव.

जाताना एका कागदावर लिहून ने: कधीपासून दुखतं, कोणत्या वारी, झोप किती, कॉलेज किती दिवस बुडलं. आणि डॉक्टरांना त्याच्याशी पंधरा मिनिटं एकट्यानं बोलू दे. तू बाहेर बाकड्यावर बस.

तुझा,
सुरेश