बाबा, त्या मर्सिडीजला टोकन देऊ नका

ती. आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा तुम्ही "तू आधी गाडी बघ, मग बोल" म्हणता आणि फोन आईकडे देता, आणि आई म्हणते मला काय कळतंय त्यातलं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. मेसेज मोठा झालाय, चष्मा लावून निवांत वाचा.

तर गाडी बघून आले. रविवारी परस्पर कोल्हापूरला गेले, सोबत आमच्या ऑफिसमधल्या मित्राचा ओळखीचा मेकॅनिक होता, तो फक्त अशाच महागड्या गाड्यांची कामं करतो. गाडी देखणी आहे यात वादच नाही. पांढरी शुभ्र, २०१७ची ई क्लास डिझेल, मागच्या सीटवर पाय सरळ लांब करून बसता येतं. साडेतेरा लाख. त्याच वर्षाच्या गाडीला पुण्यात चोवीस-पंचवीस मागतायत, म्हणजे तुमचे डेपोतले मित्र म्हणतात ते खरंय, निम्म्यात मिळतीये. पण बाबा, निम्म्यात का मिळतीये हे त्यांनी पण नीट विचारलेलं नाही.

मालक म्हणाले २०१९च्या पुरात "थोडं पाणी लागलं होतं, कार्पेटपर्यंत." गाडी तेव्हा शाहूपुरीत उभी होती. आता ऑगस्ट २०१९चं थोडं पाणी काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको, आपल्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गावभागात आपण सामान माळ्यावर टाकत होतो. मी जुन्या पॉलिसीच्या कॉप्या मागितल्या, त्यांनी कौतुकाने फाइलच काढून दिली. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम केला नाही तर हप्त्यात मिळणारी सूट, २०१८ला २० टक्के, २०१९च्या जूनमध्ये २५ आणि २०२०ला एकदम शून्य. म्हणजे मध्ये क्लेम झालाय. थोडं पाणी पुसायला कोणी क्लेम करत नाही. कितीचा झाला विचारलं तर म्हणे बिलं सापडत नाहीत, इतकी टापटीप फाइल आणि नेमकी तेवढीच बिलं नाहीत!

आणि हे मला पण आधी माहीत नव्हतं, विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं, तेव्हा धरते जेव्हा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर जातो. या गाडीची आयडीव्ही तेव्हा ४० लाखांच्या घरात धरा, म्हणजे २८-२९ लाखांचं काम निघालं असतं तरी कागदावर ती नुसती रिपेअर झालेली गाडी. आरसी स्वच्छच राहते. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच सॅल्व्हेज असा शिक्का पडतो, आपल्याकडे तसं काही नाही, परिवहनच्या साइटवर मालक कोण, बँकेचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत एवढं दिसतं, पाण्यात होती हे कुठेच दिसत नाही.

इंजिनाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. डिपस्टिक काढून बघितली, ऑइल दुधाळ नाही म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही, आवाज एकसारखा, धूर नाही, आरसीवरचा इंजिन नंबर पण जुळतोय. पाण्यात चालू इंजिन गेलं असतं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला असता, तसं काही झालेलं दिसत नाही, बहुतेक गाडी बंदच उभी होती. तुम्ही तीस वर्षं लेलँडची इंजिनं उतरवलीत, हे इंजिन बिघडलं तरी तुम्ही निम्मं निदान कानानेच कराल. पण बाबा, ही गाडी इंजिनाने अडत नाही, वायरिंगने अडते. सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात छोटे छोटे कंट्रोल युनिट असतात, दरवाजाला वेगळा, सीटला वेगळा, गिअरला वेगळा, आणि ते सगळे एकमेकांशी बोलत असतात. एअरबॅगचा तर मधल्या कन्सोलखाली, जवळजवळ जमिनीलगत. पुराचं पाणी गाळाचं, ते वाळतं पण गाळ आणि ओल कनेक्टरच्या पिनांमध्ये राहते आणि तांबं हळूहळू हिरवं पडत जातं. आपला फ्रीज आठवा, पुरानंतर पुसून लावला तर छान चालला आणि पुढच्या उन्हाळ्यात ऐन आंब्यात गेला.

त्या मेकॅनिकने काय केलं माहितीये, ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत. वरचा बेल्ट नवाकोरा आणि शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट डाग, त्याची कड अगदी सरळ, कोणी फूटपट्टी लावून ओढावी तशी. कार्पेट नवीन घातलंय, सीट धुतल्यात, डॅशबोर्डला पॉलिश आहे, पण बेल्टची गुंडाळी कोण उघडून धुतो? मग सीटच्या पटरीखाली टॉर्च मारला, नटांना गंज. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर एकाही फॉल्टची नोंद नाही, जुना साठलेला पण नाही. मालक खूश झाले, मेकॅनिक नंतर चहा पिताना मला म्हणाला ताई, आठ वर्षांच्या गाडीत एकही फॉल्ट नसणं म्हणजे काल-परवाच पुसलेत.

मी त्यांना सरळ सांगितलं, विम्याच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि काय काय बदललं त्याची बिलं दाखवा आणि आकडा आठच्या आत आणा, मग विचार करते. ते हसले. मग मी पण हसले आणि निघाले.

आता एफडीचं. आई, तू बाबांना सांग, एफडी मोडायची नाही. साडेतेरा देऊन गाडी येईल, पण एअरबॅगचा दिवा लागला की मग? पार्ट्सची किंमत गाडी निम्म्यात मिळाली म्हणून निम्मी होत नाही, ती साठ लाखांच्या गाडीचीच राहते. आणि ती गाडी सांगलीहून पुण्याला येताना कात्रजच्या बोगद्यात बंद पडली तर तुम्ही दोघं रात्री तिथे, या विचाराने मला आत्ताच झोप लागत नाही. विकायला काढली तर आपण पण त्या मालकांसारखं "थोडं पाणी" म्हणणार का? तुमच्याच्याने होणार नाही ते बाबा.

अजून एक, जे तुमच्यापैकी कोणीच बोललेलं नाही. त्या गाडीची सीट फार खाली आहे. आई, तुझे गुडघे बघता त्यात बसशील, पण उतरताना प्रत्येक वेळी कोणीतरी हात द्यायला लागेल. मी मुद्दाम चारदा बसून-उठून बघितलं. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्के झालाय, याच पैशात किंवा थोड्या कमीतच नवी कोरी नेक्सॉन येते, ऑटोमॅटिक, सीट उंच, कंपनीची वॉरंटी. मर्सिडीजचा तारा नाही बॉनेटवर, हे मान्य. पण गाडी माझ्या नावावर घेऊ, हप्ता मी आणि दादू मिळून भरू, डाउन पेमेंट तुम्हाला द्यायचंच असेल तर लाखभर द्या, त्यापेक्षा जास्त मी घेणार नाही.

आणि बाबा, मर्सिडीजमध्ये बसायची हौस मला कळते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्यात तुम्ही. दादूच्या लग्नात दोन दिवस ड्रायव्हरसकट भाड्याने घेऊ, वरात त्यातूनच काढू, तुम्ही पुढे बसा. ते मी बघते.

तुमच्या मित्रांना तुम्ही काही बोलू नका, वाईट वाटेल त्यांना, त्यांनी चांगल्या मनानेच सुचवलंय. मी फोन करते त्यांना. फक्त आज-उद्या टोकन देऊ नका, आणि दिलं असेल तर लपवू नका, किती आणि कसं दिलं तेवढं कळवा, रोख की गुगल पे.

तुमची,
ताई