किटल्या गाडीला दिसल्याच नाहीत

मा. संपादक,

नव्या मोटारींच्या पानभर जाहिराती तुमच्याकडे येतात, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो.

मी रोज मंचरहून चाकण एमआयडीसीत मोटारसायकलने जातो. परवा मात्र मेहुण्याच्या नव्या गाडीतून परतत होतो. गाडीत ॲडॅस, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे: पुढच्या वाहनाशी अंतर राखून वेग स्वतःच कमी-जास्त होतो, गरज पडली तर ब्रेकही लागतो. दिवेलागणीची वेळ होती. पुढे ट्रक, त्यामुळे गाडी आपोआप 50 वर आलेली. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर ट्रकचं चित्र दिसत होतं. ट्रकने अचानक उजवी लेन घेतली, पडदा रिकामा झाला आणि गाडी लावून ठेवलेला 80 चा वेग पुन्हा गाठायला निघाली. पण समोर एक मोटारसायकल होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, टेल लॅम्प त्यांच्याआड. ब्रेक मारला तो मेहुण्याने. पुढे दूधवाल्याला थांबवून सांगितलं, तर म्हणाला, "दिवा चालू आहे की ओ!" होता खरा, पण त्याचा उजेड किटल्यांच्या पत्र्यावर पडत होता.

घरी येऊन गाडीची पुस्तिका काढली. दुचाकी ओळखली जाईलच असं नाही, हे तिच्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं. गाडी ताब्यात देताना पेढे मिळाले, हार मिळाला, हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2024 मध्ये दहा छोट्या एसयूव्हींचं आपोआप ब्रेक लावणं तपासलं, त्यात पुढे मोटारसायकलही ठेवली होती. सर्वोत्तम शेरा एकाच गाडीला मिळाला. युरोपच्या चाचणीत 2023 पासून दुचाकी आहे. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनसीएपीचे, म्हणजे नव्या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीचे, तारे मोजतात ते आत बसलेल्या मोठ्यांची आणि मुलांची सुरक्षितता. बाहेरच्याचं काय?

आपल्याकडच्या चाचणीत ॲडॅससमोर दुचाकी ठेवावी, आणि तीही आपल्या रस्त्यावरची: किटल्या लावलेली, तिघांना घेऊन चाललेली, कडेने उलटी येणारी. निकाल शोरूममध्ये किमतीशेजारी लावावा. तोवर जाहिरातीत 'गाडी सगळं बघते' असा भास तरी निर्माण करू नये.

आम्ही दुचाकीवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. टेल लॅम्पवर काळी फिल्म चिकटवणारी पोरं आमच्याच कंपनीच्या पार्किंगमध्ये आहेत. त्यांना बोलायला गेलो, तर एकाने माझ्याच गाडीकडे बोट दाखवलं. कॅरियरला बांधलेला माझा रेनकोट नेमका टेल लॅम्पवर लोंबत होता.

— एक दुचाकीस्वार, मंचर (जि. पुणे)