डॉक्टर, तुम्ही सुई घातली नाहीत म्हणून

माननीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्यात आणून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी करून खिशात ठेवलं असतं आणि "काकूंची झोप कशी आहे आता?" एवढंच विचारलं असतं. शिवाय घरात पेसमेकरचं माणूस असलेली कितीतरी कुटुंबं आहेत, त्यांच्याही कानावर हे जावं असं मला फार वाटतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही.

श्रावणातला सोमवार होता. आईच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, पेसमेकर आहे तिथं, तीन आठवडे लाल होत होतं. ताप नव्हता. तुमच्याआधी आम्ही दोन ठिकाणी दाखवलं होतं. दाखवलं म्हणजे काय, तर आईनं पदरावरूनच हात ठेवून "इथं ठणकतंय" म्हटलं आणि गोळ्या लिहून मिळाल्या. गोळ्या चालू असेपर्यंत लाली उतरायची, संपल्या की चार दिवसांत पुन्हा. मध्ये आई घरचीच हळद लावत होती.

तुम्ही सिस्टरना आत बोलावलंत, पडदा ओढलात आणि म्हणालात, "काकू, मला बघू द्या." ओल्या कापसानं हळद पुसलीत. खालची कातडी पातळ, चकचकीत झाली होती, बॅटरीची कड वरून कळत होती आणि एका कोपऱ्यात मऊ फुगवटा होता. तीन आठवड्यांत ती जागा डोळ्यांनी पाहणारे तुम्ही पहिले. मीही नीट पाहिली नव्हती, ही खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

दादा म्हणाला, "पू असेल तर सुईनं काढून टाका ना." तुमच्या हाताशी सिरिंज होती. तुम्ही म्हणालात, "इथं सुई घालायची नाही. आत नुसतं रक्त साठलं असेल, तर सुईबरोबर मीच जंतू आत सोडीन. आणि जंतू असतीलच, तर सुईनं ते जायचे नाहीत." गोळ्याही दिल्या नाहीत. आधी रक्त कल्चरला गेलं पाहिजे, दोन वेगवेगळ्या शिरांतून, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आत. नाहीतर जंतू बाटलीत वाढत नाहीत आणि कोणतं औषध चालेल ते कळत नाही. हे तुम्ही दादाला उभ्या उभ्या समजावलंत. मग पुण्याला फोन लावलात. पेसमेकर बसवणाऱ्यांना नव्हे, जुन्या तारा काढण्याचा हात बसलेल्या डॉक्टरांना. तो फोन वीस मिनिटं चालला. बाहेर पेशंट खोळंबले होते.

खरं सांगते, दवाखान्यातून निघताना आम्ही नाराज होतो. तीनशे रुपयांच्या गोळ्यांनी दबणाऱ्या दुखण्यासाठी तुम्ही आम्हाला पुण्याला धाडत होता.

तिथं घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. तारांवर काही चिकटलेलं दिसलं नाही. रक्ताचे रिपोर्टही स्वच्छ आले. तरी ते डॉक्टर म्हणाले, बॅटरी आणि दोन्ही तारा, सगळंच काढावं लागेल. रक्तात काही नाही, मग काढायचं कशाला? आईच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातला इशारा खालच्या कप्प्यात पोचतच नाही, तिचा प्रत्येक ठोका त्या यंत्रावर. रात्री नऊला दादानं तुम्हाला फोन केला तेव्हा तुमच्याकडे पाहुणे होते, मागून आवाज येत होते. तुम्ही दादाला रांजण आठवायला सांगितलात. आतून बुळबुळीत थर धरलेल्या रांजणात वरून कितीही पाणी ओता, थर हलत नाही. पेसमेकरवर जंतू तसाच थर करून बसतात. औषध रक्तातून येतं आणि धातूला, प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. म्हणून गोळ्यांनी वरची लाली जाते, आतला थर राहतो, आणि एखाद्या दिवशी त्याच तारेवरून हृदयाच्या झडपेपर्यंत पोचतो. "ती जखम छातीवर दिसते, पण तिचं दुसरं टोक हृदयात आहे," असं तुम्ही म्हणालात. दादानं त्या रात्री संमतीच्या कागदावर सही केली.

अकरा वर्षांच्या तारा शिरेला आणि हृदयाच्या आतल्या भिंतीला जखडलेल्या होत्या. लेसरची नळी तारेवरून सरकवत एकेक चिकटा सोडवावा लागला. शीर फाटली तर छाती उघडता यावी म्हणून हृदयाचे सर्जन शेजारी तयार होते. अनुभवी हातांतही शंभरात एक-दोघांना गंभीर इजा होते, हे आम्हाला आधी स्पष्ट सांगितलं होतं. आईचं सुरळीत झालं. मधल्या दिवसांत तिच्या मानेतून एक तात्पुरती तार आत होती आणि तिला जोडलेला पेसमेकर बाहेर, कातडीवर चिकटपट्टीनं बसवलेला. आई त्यावर सारखा हात ठेवून असायची. कातडीखाली बॅटरी ठेवायचा जो खिसा केलेला असतो, त्यातल्या पुवात स्टॅफिलोकॉकस वाढला, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहणारा साधा जंतू. त्याचं औषध शिरेतून चौदा दिवस दिलं. तारा काढल्यावरचे रक्ताचे रिपोर्ट बहात्तर तास स्वच्छ राहिले, तेव्हा कुठे उजव्या बाजूला नवीन यंत्र बसवायचं ठरलं.

हे आईलाच का झालं, ते तुम्ही विचारलंत तेव्हा उलगडलं. आठ महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली, त्याआधी तिची रक्त पातळ करायची गोळी थांबवून पोटात इंजेक्शनं दिली होती. नंतर छातीवर काळंनिळं मोठं गाठोडं आलं, ते पंधरा दिवस राहिलं. "आपोआप जिरेल" असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि ते जिरलंही. पण साठलेलं रक्त हे जंतूंचं घर. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्येच दाखवून दिलं होतं, की वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवून ऑपरेशन केलं तर असं रक्त शंभरात तीन-चार जणांना साठतं आणि ती थांबवून हेपॅरिनची इंजेक्शनं दिली तर सोळा जणांना. पुढे त्याच पेशंटांच्या पाहणीत, ज्यांना असं रक्त साठलं त्यांना संसर्गाचा धोका सातपटीहून जास्त निघाला. त्यात बॅटरी बदलताना जुना खिसा उघडतो, म्हणून तो धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक, आणि आईला साखर. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं, तर आम्ही निदान विचारलं तरी असतं. तुम्ही चिठ्ठीत त्या गाठोड्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्यामुळे या वेळी गोळी थांबवली नाही. केस वस्तऱ्यानं न काढता मशीननं कापले, चीर द्यायच्या आधी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक दिलं, आणि नवीन यंत्र औषध भरलेल्या जाळीच्या पिशवीत घालून बसवलं. ती पिशवी नऊएक आठवड्यांत विरघळून जाते. २०१९ मध्ये सुमारे सात हजार पेशंटांवर ती तपासली, तेव्हा मोठे संसर्ग १.२ टक्क्यांवरून ०.७ वर आले होते. आकडा छोटा दिसतो. मी मात्र आता त्या १.२ मधली एक बाई ओळखते.

आणखी एका गोष्टीचे आभार राहिलेत. पुण्याहून परत आल्यावर आई खचली होती. "किती वेळा कापणार मला?" म्हणायची. तुम्ही घरी येऊन तिला स्वीडनच्या आर्ने लार्सनची हकीकत सांगितलीत. १९५८ मध्ये जगात पहिल्यांदा शरीरात पेसमेकर बसला तो त्याला, आणि तो काही तासांतच बंद पडला. पुढे आयुष्यभरात वीसहून जास्त यंत्रं बदलली आणि तो २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगला. तुम्ही गेल्यावर आईनं बऱ्याच दिवसांनी स्वतः चहा टाकला.

परवा तिची दाढ काढायची ठरली, तर शेजारच्या काकूंनी भीती घातली, पेसमेकर आहे, आधी अँटिबायोटिक घे. मी तुम्हाला विचारलं. नुसत्या पेसमेकरसाठी दाढेआधी ते लागत नाही, त्यापेक्षा जखम लाल होते का, ठणकते का, विनाकारण ताप येतो का, तिकडे लक्ष ठेवा, असं तुम्ही म्हणालात. ठेवते आहे. रोज आंघोळीनंतर मीच पाहते, उजेडात.

येत्या गुरुवारी आई बाजाराला येणार आहे. टाका आता सपाट झालाय, पण वरच्या टोकाला थोडी खाज येते म्हणते. मला काही दिसत नाही. तरी तुम्ही एकदा बघावं, एवढंच तिचं म्हणणं आहे.

आपली,
तुमच्या पेसमेकरवाल्या काकूंची मुलगी