नळी आणि तीस आकडे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "बाबा, बंदुकीचा बार नाही उडाला तर मी लगेच बोल्टची खिट्टी मागे घेऊन दुसरं काडतूस भरतो." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

चाप ओढल्यावर नुसतं 'टक्' झालं, तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून मनात सावकाश ३० आकडे मोज. कधीकधी काडतुसाच्या बुडातली ठिणगीची टोपी, म्हणजे प्राइमर, पेटतो, पण आतली दारू उशिरा पेट घेते. हा उशीर बहुतेक वेळा क्षणाचाच असतो, पण नेमक्या त्याच क्षणी माणूस बोल्ट उघडायला जातो. अर्धवट बाहेर आलेलं काडतूस फुटलं तर त्याला आवरायला नळीची भिंत नसते, पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात. ३० झाले की तोंड बाजूला ठेवून काडतूस काढ आणि त्याचा प्राइमर बघ. खड्डा खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा. उथळ असेल तर प्राइमरवर आपटणारी सुई, म्हणजे फायरिंग पिन, जोरात बसलेली नाही. थंडीत बोल्टमधलं तेल घट्ट झालं की असं होतं, म्हणून हिवाळ्यात तेल अगदी नावापुरतंच लाव. ते काडतूस पुन्हा भरू नकोस, वेगळं ठेव.

पण मला खरी भीती वाटते ती फुसक्या बाराची. तुझ्या वयाचा असताना मी एका हरणावर नेम धरला होता. चाप ओढला, 'फट्' असा बारीक आवाज झाला आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसलाच नाही. हरीण तिथेच उभं होतं. माझ्या हाताने आपसूक बोल्ट मागे-पुढे केला, नवं काडतूस आत गेलं, आणि शेजारच्या वडीलधाऱ्या सोबत्याने माझं मनगट घट्ट पकडलं. बंदूक रिकामी करून त्यांनी बोल्टच्या बाजूने नळीत बघायला लावलं. पलीकडचा उजेड दिसेना. गोळी मधेच अडकून बसली होती. मी दुसरा बार काढला असता तर माझ्या डाव्या हाताखालीच नळी फुटली असती. तो हात आज हा कागद धरून आहे.

आवाज किंवा धक्का कमी वाटला की थांब, समोर कितीही मोठी शिकार असो. अडकलेली गोळी ठोकून काढायच्या फंदात पडू नकोस, ते कारागिराचं काम.

छर्र्याच्या बंदुकीत आणखी एक घोळ होतो. बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. त्यामुळे २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घरंगळत पुढे जाऊन अडकतं आणि मागून १२चं बिनतक्रार बसतं. म्हणूनच २०ची काडतुसं पिवळी करतात. दोन्ही एका खिशात कधीही नकोत.

दोन काडतुसं एकमेकांत अडकली तर आधी मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढ, मग बाकीचं. सेफ्टी लावली आहे म्हणून नळी कुणाकडे वळवू नकोस, तोही शेवटी एक खटकाच, झिजतो.

पडलास, नळीचं टोक चिखलात किंवा बर्फात टेकलं, तर काडतुसं काढून नळी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. त्यासाठी गज आणि कापडाच्या चिंध्या तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. कप्प्याची चेन जरा अडकते, जोरात ओढ.

तुझा,
बाबा