‘चढू लागली’ आणि ‘चढायचा प्रयत्न केला’: कर्ता कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या व्याकरणाच्या सदरात ‘मगर घाट चढू लागली’ आणि ‘मगरीने घाट चढायचा प्रयत्न केला’ ही दोन वाक्यं एकाच साच्याची ठरवली आहेत. दोन्हींत ‘चढणे’चा कर्ता अध्याहृत आहे, असं तिथे म्हटलं आहे. उदाहरण आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठचं म्हणून आवडलं, पण निष्कर्ष चुकला आहे. पहिल्या वाक्यात लपलेला कर्ता नाहीच. मगर मुळात ‘चढणे’चीच कर्ती आहे, ती वर सरकून ‘लागली’च्या पुढे येऊन बसली आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र दोन कर्ते आहेत: प्रयत्न करणारी मगर आणि चढणारी, न उच्चारलेली मगर. जनरेटिव्ह वाक्यविचारात, म्हणजे चॉम्स्कींच्या परंपरेतल्या वाक्यरचनेच्या अभ्यासात, पहिल्या रचनेला रेझिंग (कर्ता वर सरकणे) म्हणतात, दुसरीला कंट्रोल (न उच्चारलेला कर्ता कोण हे वरच्या वाक्यावरून ठरणे). पीटर रोझेनबाम यांनी 1967 साली इंग्रजीसाठी हा भेद तपशिलात मांडला. चॉम्स्की यांनी 1981 मध्ये त्या न उच्चारलेल्या कर्त्याला स्वतंत्र सर्वनामाचा दर्जा दिला.

हा भेद मराठीत ओळखायचा कसा? वरच्या, म्हणजे ‘लागली’ किंवा ‘प्रयत्न केला’ या मुख्य क्रियापदाला कर्त्याकडून काही अपेक्षा आहे का, एवढं पाहावं (‘चढणे’ हे खालचं क्रियापद). ‘विश्वामित्रीचं पाणी वाढू लागलं’ हे रोजचं वाक्य आहे, ‘पाण्याने वाढायचा प्रयत्न केला’ हे नाही. प्रयत्नाला इच्छा लागते, ‘लागणे’ला काहीच लागत नाही. पण या कसोटीत एक गोची आहे. आपल्याच बातम्यांत पाऊस ‘हजेरी लावतो’ आणि ‘विश्रांती घेतो’. ज्या भाषेत पावसाला माणसासारखं वागवायची एवढी सवय आहे, तिथे निर्जीव कर्त्यावर फार भिस्त ठेवू नये. वाक्प्रचार जास्त भरवशाचे. ‘पायाखालची वाळू सरकू लागली’ म्हटलं तर माणूस घाबरलेलाच राहतो. ‘पायाखालच्या वाळूने सरकायचा प्रयत्न केला’ म्हटलं की भीती जाते आणि नुसती नदीकाठची वाळू उरते.

खरी मजा विभक्तीत आहे, आणि सदरात तिचा उल्लेखही नाही. ‘सुनेला गुजराती येऊ लागलं’ यातला ‘ला’ कोणी दिला? ‘लागणे’ने नाही, कारण ‘सून बोलू लागली’ यात तो नाही. तो ‘येणे’चा आहे, आणि कर्त्यासोबत वर आला आहे. याउलट ‘सुनेने पत्र लिहिलं’ यात ‘ने’ आहे, पण ‘सून पत्र लिहू लागली’ यात तो गळतो. म्हणजे ‘ला’ खालच्या क्रियापदाकडून येतो, तर ‘ने’ द्यायचा की नाही हे काळ दाखवणारं वरचं क्रियापद ठरवतं. ‘प्रयत्न करणे’ खालचं काहीच वर येऊ देत नाही. ‘सुनेला गुजराती यायचा प्रयत्न केला’ कोणी म्हणणार नाही, ‘सुनेने गुजराती शिकायचा प्रयत्न केला’ असंच म्हणावं लागतं. तिथला ‘ने’ ‘केला’चा आहे.

न उच्चारलेला कर्ता खरोखर आहे याचा पुरावा काय, असं कोणी विचारलं तर ‘आपला’ हा शब्द पुढे करावा. ‘आईने सुमाला आपल्या खोलीत मारलं’ यात खोली आईची, कारण ‘आपला’ कर्त्याकडे पाहतो. पण ‘आईने सुमाला आपल्या खोलीत झोपायला सांगितलं’ यात खोली आईची असू शकते किंवा सुमाची. सुमा ‘सांगितलं’ची कर्ती नाही. मग तिची खोली हा अर्थ कुठून आला? ‘झोपणे’ला स्वतःचा कर्ता आहे, म्हणूनच. लिंगसुद्धा तेच सांगतं. ‘बाबांनी सुमाला एकटीनेच खंडेराव मार्केटला जायला सांगितलं’ यात जाणारी सुमा. ‘सुमाने बाबांना एकटीनेच जायचं वचन दिलं’ यातही सुमाच, पण इथे ती वरची कर्ती आहे. न उच्चारलेला कर्ता कोण, याचा ताबा ‘सांगणे’त ज्याला सांगितलं त्याच्याकडे, ‘वचन देणे’त देणाऱ्याकडे. हे क्रियापदागणिक पाठ करावं लागतं.

कंट्रोल शिकवताना ‘ठरवणे’ हे उदाहरण घेऊ नये, अनेक जण घेतात. ‘बाबांनी सुमाने बडोद्यातच शिकायचं ठरवलं’ हे बोलण्यात चालून जातं. म्हणजे तिथे खालचा कर्ता उघडही येऊ शकतो आणि उदाहरण फसतं. ‘बाबांनी सुमाने शिकायचा प्रयत्न केला’ हे मात्र चालत नाही. तसंच रेझिंगसाठी इंग्रजी पुस्तकातलं ‘सीम’ (seem) हे क्रियापद उचलून ‘वाटणे’वर बसवू नये. ‘सुमा हुशार वाटते’ यात सुमा वर आली आहे, ‘सुमा हुशार आहे असं वाटतं’ यात खाली राहिली आहे. ‘वाटते’ आणि ‘वाटतं’ एवढ्या फरकावरून ते कळतं. पण ‘सुमा जायला वाटते’ असली रचना मराठीत नाही.

बडोद्याच्या मुलांना हे समजावणं खरं तर सोपं आहे, कारण गुजरातीत हीच जोडी कानावर असते: ‘पाणी वधवा लाग्युं’ आणि ‘मगरे चडवानो प्रयत्न कर्यो’. फरक पडतो तो पुढे. गुजराती ‘मारे जवुं छे’ आणि ‘मने भूख लागी छे’ अशी दोन रूपं वेगळी ठेवते, मराठी दोन्हीकडे ‘मला’वर भागवते.

शेवटी एक विनंती. सदराच्या पुढच्या भागात ‘जाऊ लागला’ आणि ‘जावं लागलं’ एकाच ओळीत छापू नयेत. ‘मगरीला परत जावं लागलं’ यातला ‘ला’ ‘जाणे’चा नाही, ‘मगर परत गेली’ यात तो कुठे आहे? तो सक्तीच्या ‘लागणे’चा आहे. आणि तरीही ‘पिकाला भरपूर पाऊस पडावा लागतो’ यात पावसाला ‘ला’ लागत नाही. या एका क्रियापदावर एक स्वतंत्र रविवार द्यावा.

आपला,
भाषाशास्त्राचा एक अभ्यासक
रावपुरा, बडोदे