तक्रार : गाडी एका व्हिनची, उत्तर अख्ख्या मॉडेलचे

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
उत्तर अमेरिका मुख्य कार्यालय

दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

विषय : २०२६ मॉडेलच्या नव्या गाडीचे विंडो स्टिकर, त्यावरील सुट्या भागांच्या मूळ देशाची माहिती आणि पैसे घेऊनही न बसवलेले गरम स्टिअरिंग

महोदय,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या विभागाने तीन ओळींचे उत्तर पाठवले. या मॉडेलमध्ये अमेरिकी व कॅनडियन भागांचे प्रमाण ५५ टक्के आहे, सोयींमध्ये पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो, अधिक माहिती डीलरकडे मिळेल. तिन्ही ओळी मॉडेलबद्दल आहेत. मी एक गाडी विकत घेतली आहे आणि तक्रार त्या गाडीची आहे, म्हणून पुन्हा सविस्तर लिहितो.

गाडीचा पूर्ण व्हिन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र १७ चिन्हांचा ओळख क्रमांक, सोबतच्या प्रतीत आहे. त्याचे पहिले चिन्ह ३, म्हणजे बांधणी मेक्सिकोतली. दहावे अक्षर टी, म्हणजे मॉडेल वर्ष २०२६. अकरावे चिन्ह तुमच्या कारखान्याचे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर बांधणीचा महिना ११/२५ आहे. हे वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे 'तपासून कळवतो' हे उत्तर मला पटत नाही.

आधी स्टिकर, म्हणजे नव्या गाडीच्या काचेवरचा किमतीचा व ऑप्शनचा कागद. १९५८ च्या कायद्यानुसार, म्हणजे ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, हा कागद विंडशील्डवर किंवा बाजूच्या काचेवर लावायचा असतो आणि प्रत्यक्ष खरेदीदाराच्या हाती गाडी जाईपर्यंत तो कोणी काढायचा नसतो. माझ्या गाडीचा कागद घडी घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला होता. सौदा ठरला तो डीलरच्या वेबसाइटवरच्या पीडीएफवरून. ती पीडीएफ त्याच ट्रिमच्या, म्हणजे मॉडेलमधल्या त्याच सोयी-पातळीच्या, दुसऱ्या गाडीची निघाली. तिचा व्हिन १ ने सुरू होतो आणि अंतिम जोडणीचे ठिकाण अमेरिकेतले आहे. डीलरच्या दरपत्रकातही तेच ठिकाण उतरले. स्टिकर काढणारा डीलर होता हे मान्य. पण ती पीडीएफ तुमच्याच सर्व्हरवरून येते आणि गाडीचा व्हिन न जुळवता ट्रिमवरून उचलली जाते. हा दोष डीलरच्या माथी मारता येणार नाही.

आता ते ५५ टक्के. सुट्या भागांच्या माहितीचे लेबल १९९२ च्या कायद्याने आले आणि ऑक्टोबर १९९४ पासून लागू आहे. त्याचे दोन भाग असतात आणि तुमचे विक्रेते ते सर्रास एकात एक मिसळतात. वरचा भाग कारलाइनचा, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या गाड्यांचा मिळून : अमेरिका व कॅनडा मिळून किती टक्के, आणि १५ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेले परदेश, फार तर दोन. खालचा भाग त्या एका गाडीचा : अंतिम जोडणीचे गाव व देश, इंजिनचा देश, ट्रान्समिशनचा देश.

वरचा आकडा मॉडेल वर्ष सुरू होण्याआधी, त्या वर्षीच्या उत्पादनाच्या अंदाजावरून ठरतो. तो जवळच्या ५ टक्क्यांपर्यंत गोल करण्याची मुभा आहे. कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या पुरवठादाराच्या भागात अमेरिकी-कॅनडियन मूल्य ७० टक्के भरले की त्याची पूर्ण किंमत या बाजूला धरली जाते. नट, बोल्ट, क्लिपा, चिकटद्रव्ये, तेल यांची गणती होत नाही. जोडणीची मजुरीही त्यात येत नाही. तशी टीप लेबलवरच छापलेली असते. म्हणजे ५५ ही वर्षभराची, सगळ्या कारखान्यांची मिळून काढलेली सरासरी आहे. वर्षाच्या मध्यात पुरवठादार बदलला तरी ती हलत नाही. 'ही गाडी ५५ टक्के अमेरिकन आहे' हे वाक्य या आकड्यावरून निघतच नाही, आणि तुमच्या शोरूममधल्या फलकावर ते ठळक अक्षरांत लावले आहे. तुमची ही कारलाइन दोन देशांत जोडली जाते. अशा वेळी कारखान्यानिहाय प्रमाण वेगळे छापण्याची सोय कायद्यात आहे. ती तुम्ही वापरत नाही. सक्ती नाही हे मला माहीत आहे, पण मग सरासरीची जाहिरातही करू नका.

अंतिम जोडणीच्या ओळीला आता पैशाचे मोल आले आहे. ३१ डिसेंबर २०२४ नंतर घेतलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरील व्याजाची, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतची वजावट २०२५ ते २०२८ या करवर्षांसाठी मिळते. अट अशी की गाडीची अंतिम जोडणी अमेरिकेत झालेली हवी, आणि कर विवरणात व्हिन लिहावा लागतो. सुट्या भागांची टक्केवारी तिथे कोणी विचारत नाही. माझी गाडी मेक्सिकोत जोडलेली, म्हणून ही वजावट मला मिळत नाही. माझे कर्ज ३६,००० डॉलर, व्याजदर ६.५ टक्के, मुदत ६० महिने. पहिल्या १२ हप्त्यांत व्याज सुमारे २,१५० डॉलर जाते. २२ टक्क्यांच्या कर टप्प्यात त्यावरचा कर साधारण ४७० डॉलर होतो. पुढच्या वर्षी आकडा उतरेल, पण २०२८ पर्यंतचे नुकसान चुकत नाही.

तिसरी गोष्ट गरम स्टिअरिंगची. माझ्या स्वतःच्या व्हिनच्या स्टिकरवर, ऑप्शनच्या रकान्यात, हिवाळी पॅकेज ६९० डॉलरला लावले आहे : पुढच्या गरम सीट, गरम स्टिअरिंग आणि वायपरखालची काच तापवणारी तार. सीट आहेत, तार आहे, स्टिअरिंगच्या बटणाच्या जागी कोरी टोपी आहे. सर्व्हिस मॅनेजरच्या लेखी नोंदीनुसार ऑक्टोबरच्या बांधणीपासून ही सोय पॅकेजमधून वगळली गेली. मॉडेल वर्ष तेच, पॅकेजचा कोड तोच, किंमत तीच. स्टिकरचा मजकूर तेवढा बदलायचा राहिला.

वर्षाच्या मध्यात सोयी बदलण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सगळेच बदलतात. २०२१-२२ च्या चिपटंचाईत काही कंपन्यांनी न बसवलेली सोय स्टिकरवर स्वतंत्र ओळीत छापली आणि समोर वजावट दाखवली. करायचे ठरवले तर जमते. 'पूर्वसूचनेशिवाय बदल' हे वाक्य माहितीपत्रकाला चालते, कारण ते पत्रक मॉडेलचे असते. मूळ किमतीत येणाऱ्या सोयींची यादी छापणे मन्रोनी कायद्याने बंधनकारक नाही, तिथे तुम्ही वाद घालू शकला असता. पण मूळ किमतीबाहेरच्या, गाडीवर बसवलेल्या प्रत्येक ऑप्शनची किंमत छापणे बंधनकारक आहे, आणि इथे न बसवलेल्या वस्तूची किंमत छापून वसूलही केली आहे.

डीलरने 'बटण मागवून लावून देतो' असे सुचवले. तेवढ्याने स्टिअरिंग तापणार नाही. तापणाऱ्या तारेचे स्टिअरिंग, त्या सर्किटसह क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळी), बटण, फ्यूजमार्गे वीजपुरवठा आणि कंट्रोल मॉड्यूलमध्ये त्या सोयीची नोंद, एवढे सगळे लागते. शिवाय बॅटरी सोडवून एअरबॅग उतरवावी लागते. हे काम करायचे तर भागांची यादी, भाग क्रमांक आणि एअरबॅगसह पूर्ण वॉरंटी आधी लेखी द्यावी. नाही तर पैसे परत करावेत. मला दोन्ही चालेल. तेलबदलाचे मोफत कूपन चालणार नाही.

माझ्या मागण्या अशा. या व्हिनचे दुरुस्त स्टिकर कंपनीने स्वतः छापून द्यावे. स्टिअरिंग बसवणार नसाल तर पॅकेजचे ६९० डॉलर परत करावेत. पॅकेजचे तुकडे तुम्ही वेगळे विकत नाही, तेव्हा परताव्यासाठीही ते करू नयेत. चुकीच्या पीडीएफमुळे हुकलेल्या कर वजावटीची २०२८ पर्यंतची भरपाई कर्जाच्या हप्ता तक्त्यावरून द्यावी. वेबसाइटवरचे स्टिकर व्हिन टाकल्याशिवाय उघडू नये. वाहतूक खर्चाबद्दल माझी तक्रार नाही, तो सगळ्यांना सारखाच लावता.

१६ मार्चपर्यंत लेखी उत्तर न आल्यास भागांच्या लेबलची बाब नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनकडे आणि विक्रीची बाब न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे देईन. स्टिकर काढल्याचा प्रश्न अमेरिकी न्याय खात्याच्या अखत्यारीत येतो. तिथेही प्रत जाईल.

या पत्राची इंग्रजी प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. ही मराठी प्रत इथल्या मराठी खरेदीदारांना वाचता यावी म्हणून.

सोबत : गाडीतील स्टिकरची दोन्ही बाजूंची प्रत, डीलरच्या वेबसाइटवरची पीडीएफ, दरपत्रक, दारावरील पट्टीचे छायाचित्र, सर्व्हिस मॅनेजरची नोंद, कर्जाचा हप्ता तक्ता.

आपला,
गाडीमालक
एडिसन, न्यू जर्सी