पाऊण तासात गॉल कसे दिसेल?

महोदय,

परदेश सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज येत आहेत. श्रीलंकेच्या प्रत्येक सहलीत गॉलचे नाव हमखास असते. मात्र तिथे किती वेळ थांबणार, हे कुठेच छापलेले नसते. तीन वर्षांपूर्वी आम्ही पती-पत्नी अशाच एका सहलीने गेलो होतो. किल्ल्याशी बस थांबली, सर्वांचे एकत्र छायाचित्र झाले आणि पाऊण तासात शिट्टी वाजली. ती चुटपुट मनात राहिली, म्हणून या फेब्रुवारीत आम्ही आपले आपण पुन्हा गेलो आणि अख्खा दिवस त्या गावाला दिला.

कोलंबोहून सकाळच्या रेल्वेत उजव्या हाताची खिडकी धरावी, कारण रूळ बराच वेळ समुद्राच्या अगदी कडेने जातात. गॉल स्थानकातून पायीच निघालो, की वाटेत क्रिकेटचे मैदान लागते. मुरलीधरनने आठशेवा कसोटी बळी २०१० मध्ये इथेच घेतला, तोही आपल्या भारतीय संघाविरुद्ध! कसोटी चालू असली की लोक शेजारच्या किल्ल्याच्या तटावर बसून सामना फुकट पाहतात.

पोर्तुगीजांनी पाया घातलेला आणि डचांनी सतराव्या शतकात भक्कम बांधून काढलेला हा किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा आहे. पण तो आपल्या बहुतेक किल्ल्यांसारखा ओस पडलेला नाही. आत न्यायालय आहे, वकिलांच्या पाट्या आहेत, मशीद आहे, पांढऱ्या गणवेशातील शाळकरी मुले आहेत. जुन्या दरवाजावर बाहेरून ब्रिटिशांचे राजचिन्ह दिसते, आणि आत शिरून मागे वळून पाहिले तर डच कंपनीचे, १६६९ सालचे, कोंबडा असलेले चिन्ह. हे मागे वळणे पाऊण तासात कोणालाच जमत नाही. लेन बान नावाच्या गल्लीत डचांच्या काळी दोरखंड वळत असत, तेच तिचे नाव होऊन बसले. १७५५ च्या डच चर्चमध्ये तर फरशीच थडग्यांच्या शिळांची आहे. पाऊल कुठे टाकावे, असा संकोच वाटतो.

दुपारी मातीच्या मडक्यातले म्हशीचे दही आणि त्यावर कितुलचा काळसर, किंचित धुरकट पाक खाल्ला. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माडच, हे कळल्यावर दोन चमचे जास्तच गेले. कवठाचे सरबतही मिळाले. आपल्याकडे महाशिवरात्रीपुरते आठवणारे हे फळ तिथे रोजचे आहे. मग दोन तास एका ओसरीवर नुसते बसून राहिलो. उन्हे उतरल्यावर १९३९ च्या पांढऱ्या दीपगृहापासून तटावरून चालत निघालो. तिकीट नाही, रांग नाही. छत्रीच्या आडोशाला बसलेली जोडपी, पतंग उडवणारी मुले आणि खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचे शहर उद्ध्वस्त झाले, पण या तटामुळे आतली वस्ती बरीचशी बचावली, हे त्या भिंतीची जाडी पायाखाली जाणवली तेव्हा खरे पटले.

सहल कंपन्यांकडे मागणी फार मोठी नाही. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक ठिकाणासमोर मुक्कामाचे तास छापावेत आणि सात दिवसांत एक दिवस कोरा ठेवावा. अशी सहल कोणी काढत असेल, तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील नऊ जण आजच नावे द्यायला तयार आहेत.

— एक निवृत्त शिक्षिका, दापोली